साहेब, नाकारायच्या आधी त्रुटी तरी काढा

प्रति,
वर्क व्हिसाच्या अर्जावर 'नाही' लिहिणारे सगळे साहेब आणि मॅडम,
देश कोणताही असो.

नमस्कार. माझ्या भाच्याचा वर्क व्हिसाचा अर्ज तुमच्यातल्या एका देशानं नाकारला, त्याबद्दल लिहितोय. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पोरगं परत अर्ज करणार आहे, आणि मामानं नेटवर नाव घेऊन बोंब मारली म्हणून पुढची फाईल ढिगाच्या खाली गेली असं व्हायला नको. खाली दोन-चार देशांची नावं येतील, त्यातलाच तो देश आहे का दुसरा, हेपण सांगणार नाही. ज्यांचं काम आहे त्यांना कळेल, बाकीच्यांनीपण वाचा, कारण आमच्याकडच्या फाईली तुमच्या सगळ्यांच्याच टेबलावर येत असणार.

मी कोण, तर कळंबला, जिल्हा धाराशिव, फॉर्म भरायचं सेंटर चालवतो. बारा वर्षं झाली. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, पीक विमा, पॅन, पासपोर्ट, भरतीचे फॉर्म, आणि २०२४ ला लाडक्या बहिणीचे तर एवढे भरले की प्रिंटर बसला. म्हणजे रिजेक्ट हा शब्द मला काही नवीन नाही, दिवसाला पाच-सात रिजेक्ट चहाच्या आधीच बघतो. तरीपण तुमचं एका पानाचं पत्र बघून मला काय बोलावं ते सुचलं नाही, आणि शेजारी माझी अक्का उभी होती, ती म्हणायली, "काय लिवलंय रे? किती दिवसांनी ये म्हणलेत?"

पत्रात चार ओळी छापील होत्या, चारीपुढं चौकट, आणि तिसऱ्या चौकटीत फुली. मराठीत सांगायचं तर सादर केलेल्या कागदांवरून तुमच्या अनुभवाची खात्री पटत नाही. बस. कोणता कागद, कोणतं पान, काय पटलं नाही, काही नाही. खाली सही पण नाही.

आता आमच्या तहसीलचं सांगतो. तहसीलला सगळे शिव्या घालतात, मीपण घालतो, रांगेत उभं राहून घातल्यात. पण तिथं एक गोष्ट आहे साहेब, अर्ज अडला तर त्याला त्रुटी लागते. म्हणजे माझ्या लॉगिनला येतं की रेशनकार्ड अस्पष्ट आहे परत टाका, नाहीतर वडिलांच्या नावात फरक आहे प्रतिज्ञापत्र जोडा. मग मी गिऱ्हाईकाला फोन लावतो, तो कामधंदा सोडून चिडचिड करत येतो, कागद देतो, मी जोडतो, अर्ज पुढं सरकतो. ह्याला त्रुटी पूर्तता म्हणतात. लाडक्या बहिणीच्या अर्जालासुद्धा एडिट करून परत पाठवायचा चान्स होता, आणि ते महिन्याला दीड हजाराचं काम होतं. तुमच्याकडं माणसाच्या पुढच्या पाच-दहा वर्षांचं काम, आणि त्रुटी नावाचं बटणच नाही. एकदम फुली.

भाच्याला घरी बापू म्हणतात, इथंपण तेच म्हणू. बापू वेल्डर. आयटीआय केला, मग सात वर्षं चाकणला काढली, आधी फॅब्रिकेशनच्या शेडमधे आणि मग एका मोठ्या कंपनीत. हात चांगला आहे त्याचा, हे मी मामा म्हणून सांगत नाही, तुमच्याकडच्या ज्या कंपनीनं ऑफर दिली त्यांनी व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून पाईपचा जोड मारून घेतला, कॅमेरा जवळ आणायला लावून तो जोड बघितला आणि मग हो म्हणले. पगार ठरला, राहायची जागा ठरली. दोन महिने त्यांनी जागा रिकामी ठेवली. नंतर त्यांचा मेल आला की सॉरी, आता थांबता येत नाही.

मी रागात आधी तुम्हालाच धरलं होतं. पण धंदाच फॉर्मचा, म्हणून चार दिवसांनी फाईल परत काढली, आणि बापूला ओळखत नसलो तर ही फाईल कशी दिसेल असा विचार करून एकेक पान बघायला बसलो. खरं सांगू का, मलाच संशय यायला लागला.

पासपोर्टवर जन्मठिकाण उस्मानाबाद. पोलिसांच्या कागदावर धाराशिव. तुमच्या माणसाला वाटणार हा गडी दोन ठिकाणचा आहे. आता त्याला कोण सांगणार की गाव एकच आहे, सातवा निजाम मीर उस्मान अली खान त्याच्या नावावरून उस्मानाबाद झालं होतं, आणि २०२३ ला जिल्ह्याचं नाव सरकारनं बदलून धाराशिव केलं, त्याच वेळी औरंगाबादचंपण छत्रपती संभाजीनगर झालं. पासपोर्ट २०१९ चा, पोलिसांचा कागद आत्ताचा. नाव बदललं ते बदललं, त्यावर मला इथं काही म्हणायचं नाही, लोक एकमेकांच्या अंगावर येतेत. पण सरकारनं एका दिवसात बोर्ड बदलले आणि आमच्या कपाटातले कागद आहे तिथंच राहिले ना. वर आमचं तालुक्याचं गाव कळंब. कळंब म्हणून नकाशात टाकलं तर यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब पण येतं, तेपण तालुक्याचंच आहे, आणि आमच्यापासून कुठल्या कुठं.

नाव. दहावीच्या बोर्डाच्या कागदावर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग बापाचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि बाकीचं वेगळ्या. आयटीआयच्या कागदावर बापाचं नावच नाही. म्हणजे तीन कागद, तीन माणसं.

आणि जन्मतारीख. बापूची १ जून. दाजींची १ जून. दाजींच्या धाकट्या भावाची १ जून, आणि अक्काच्या आधारकार्डावरपण १ जून. आता हे वाचून इकडचा कोणीही हसेल, कारण आपल्याकडं अर्ध्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो, शाळा जूनमधे सुरू व्हायची, पोराला घेऊन बाप गेला की गुरुजी विचारायचे कधी जन्मला, बाप म्हणायचा बाजरी काढायच्या टायमाला, मग गुरुजी वय बसेल असा हिशेब करून १ जून लिहायचे. आम्हाला त्यात काही वाटत नाही. पण परदेशातल्या खुर्चीत बसून एका घरातल्या चार माणसांची तीच तारीख बघितली तर मीसुद्धा म्हणलो असतो की हे कागद एकाच दुकानात छापलेत.

पण ही सगळी किरकोळ. खरी माशी चाकणला शिंकली.

बापूनं कंपनीतल्या सुपरवायझरकडून अनुभवाचं पत्र घेतलं होतं, लेटरहेडवर, शिक्क्यासकट, आणि पत्र खरं होतं. नकार आल्यावर त्यानं तिथल्या एचआरमधल्या ओळखीच्या पोराला फोन लावला, स्पीकरवर, माझ्याच सेंटरमधे. ते पोरगं म्हणलं, "अरे हो, मागच्या महिन्यात एक कॉल आला होता, इंग्लिशमधे, की या नावाचा माणूस तुमच्याकडं वेल्डर आहे का. मी सिस्टिमला नाव टाकलं, नो रेकॉर्ड आलं, मी नाही म्हणलं. तू कॉन्ट्रॅक्टरचा होतास ना रे?"

झालं. दोन मिनिटांचा कॉल.

तो कॉल तुमच्याकडचाच होता असं मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही, पण तारखा जुळतात. आणि तुम्हाला हे समजावून सांगतो, कारण हे एकट्या बापूचं नाही. चाकण, भोसरी, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत जा, आमच्याकडची हजारो पोरं कंपनीच्या गेटमधून आत जातेत, कंपनीचं हेल्मेट घालतेत, कंपनीच्या मशीनवर कंपनीचाच माल करतेत, आणि पगार मात्र कॉन्ट्रॅक्टर काढतो. पीएफ कॉन्ट्रॅक्टरच्या नावानं कटतो. कंपनीच्या कॉम्प्युटरला त्या पोराचं नावच नसतं. गेटपासवर कंपनीचं नाव, पासबुकवर कॉन्ट्रॅक्टरचं. म्हणजे एचआरवालं पोरगं खोटं बोललं नाही, बापू खोटं बोलला नाही, सुपरवायझर खोटं बोलला नाही, आणि तुमच्या माणसानंपण आपलं काम नीटच केलं, फोन लावून खात्री करणं चांगलंच आहे. चौघंही खरे आणि फाईलवर फुली.

इथंच तुम्ही एक मेल टाकला असता की बाबा कंपनी तुला ओळखत नाही म्हणती, काय ते पंधरा दिवसांत सांग, तर मी त्याच संध्याकाळी पीएफचं पासबुक काढून, कॉन्ट्रॅक्टरचं पत्र लावून, गेटपासची झेरॉक्स जोडून पाठवलं असतं. माझ्या धंद्यात हे अर्ध्या तासाचं काम आहे. शंभर-दीडशे रुपये घेतो मी त्याचे, आणि भाच्याकडून तेपण नाही.

अनुभवाचीच अजून एक गोष्ट. बायोमेट्रिकला बापू रात्रीची लातूर एक्सप्रेस धरून मुंबईला गेला होता, आल्यावर सांगायला लागला की मामा, चार वेळा बोट ठेवलं तेव्हा उमटलं. माझ्या सेंटरवर हे रोजचं आहे, ऊसतोडीला जाणाऱ्या बायाबापड्यांचं बोट मशीनला लागत नाही, मी ओलं फडकं ठेवतो, बोट पुसून दाबून धरायचं, नाही उमटलं तर दुसरं बोट. त्याच्या बोटांवर सात वर्षांचे ठिणग्यांचे डाग आहेत आणि ते तुमच्या मशीननं चार वेळा बघितले. अनुभवाची खात्री पटत नाही म्हणे.

आता आमची चूकपण लिहितो, नाहीतर हा माणूस एकतर्फी बोलतो म्हणाल. एजंट. आपल्या देशात १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे, परदेशी कामाला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला लायसन लागतं, ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटांत बघता येतं, आणि त्यानं माणसाकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घ्यायचं, म्हणजे ३५,४०० च्या वर एक रुपया नाही. आमच्या एजंटानं २ लाख ८० हजार घेतले. कॅश. पावती मागितली तर म्हणला विश्वास नाही का. आणि मी, जो गावाला सातबारा बघून जमीन घ्या म्हणून सांगतो, त्यानं पोर्टल उघडून त्याचं नाव टाकून बघितलं नाही. घरात कॉम्प्युटरवाला माणूस असून. दाजी मला काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागतं. अक्काची बोरमाळ गहाण आहे, ऐंशी हजार बचत गटाचे आहेत, त्याचा हप्ता आत्तापण चालू आहे. एजंटाचा फोन लागतो, उचलत नाही. ते तुमच्या अंगावर टाकत नाही, त्याचं आम्ही बघू.

पण एवढं समजून घ्या की तुम्ही कारण सांगत नाही ना, त्याच्यावरच एजंटाचं दुकान चालतं. कारण कळलं नाही की तो येतो आणि म्हणतो, वरचा साहेब नाराज आहे, पन्नास हजार अजून द्या, माझी ओळख आहे. आणि माणूस देतो. कारण छापील असतं तर देईल का?

तुमच्यातले काही जण अजून एक कारण टाकता, हा परत जाणार नाही असं वाटतं. बापूच्या पत्रात ती फुली नव्हती, पण माझ्याकडं येणाऱ्या दुसऱ्या दोन पोरांच्या पत्रात होती म्हणून लिहितो. अमेरिकेच्या कायद्यात तर २१४-बी म्हणून कलमच आहे, बऱ्याचशा टेम्पररी व्हिसाला अर्ज करणारा माणूस कायमचा राहायलाच आलाय असं आधी धरून चालायचं, नाही म्हणून त्यानं सिद्ध करायचं. एच-वन-बी वाल्यांना त्यातून सूट आहे, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यानं तिकडंच राहायचं मनात ठेवलं तरी चालतंय, मोसमी कामाला जाणाऱ्या गड्यानं मात्र परत येईन हे दाखवायचं. उलटंच वाटतं मला, पण तुमचा कायदा तुम्हाला माहीत.

दाजी पंचवीस वर्षं ऊसतोडीला गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणतात, मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, दिवाळी झाली की पोरंबाळं, शेळ्या, भांडी गाडीत टाकून कारखान्यावर जायचं, कधी सांगली-कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात बेळगावकडं, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की पाडव्याच्या आगंमागं परत. बापू तिसरीपर्यंत कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत वाढला, म्हणून त्याला कानडीपण थोडी येती. पंचवीस वर्षांत एकदाही असं झालं नाही की दाजी तिकडंच राहिले. तिकडं पाणी होतं, आमच्याकडं टँकर होता, तरी परत आले. का आले ते मला विचारू नका, मलापण कळत नाही, चार एकर कोरडवाहूत काय ठेवलंय, पण येतेत. लांब जाऊन राबायचं आणि उचल फेडून घरी यायचं हे आमच्या जिल्ह्याला, शेजारच्या बीडला कोणी शिकवावं लागत नाही. फक्त ह्याचा दाखला कुठल्या ऑफिसात मिळत नाही, नाहीतर मी तोपण काढून दिला असता, तीन दिवसांत.

बरं, कारण नीट सांगता येत नाही असं पण नाही. कॅनडानं २०२५ च्या जुलै अखेरीपासून काही अर्जांच्या नकाराच्या पत्राला अधिकाऱ्यानं फाईल बघताना लिहिलेल्या नोंदी जोडायला सुरुवात केली, त्यात वर्क परमिट पण आहे. आधी त्या नोंदी मागवायला वेगळा अर्ज करावा लागायचा, महिना-महिना जायचा. ब्रिटनमधे स्किल्ड वर्करवाल्याला २८ दिवसांत रिव्ह्यू मागता येतो, ८० पाउंड फी आहे, आमच्या हिशेबानं ती काही थोडी नाही, पण दार तरी आहे. आणि जर्मनी बघा. तिथं कोर्टात न जाता, फुकटात, माझी फाईल परत बघा म्हणून कळवायची सोय होती, रिमॉन्स्ट्रेशन म्हणायचे तिला, ती १ जुलै २०२५ पासून सगळीकडची बंद केली. आता एकतर नवा अर्ज करा नाहीतर महिन्याच्या आत बर्लिनच्या कोर्टात केस टाका. कळंबच्या माणसानं बर्लिनला केस टाकायची! आमची बांधाची केस वीस वर्षं झाली इथंच चालू आहे, आणि कोर्ट सेंटरपासून चालत जायच्या अंतरावर आहे.

त्याच जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर शोल्झ ऑक्टोबर २०२४ ला दिल्लीत येऊन म्हणले होते की भारतातल्या कुशल माणसांचे व्हिसा वर्षाला २० हजार होते ते ९० हजार करणार. आमच्या राज्य सरकारनंपण त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याबरोबर १० हजार माणसं पाठवायचा करार केला होता, तेव्हा माझ्या सेंटरला रांग लागली होती, पोरं विचारायची काका जर्मनचा फॉर्म आला का. म्हणजे एका हातानं या या करायचं आणि दुसऱ्या हातानं परत बघा म्हणायची सोय काढून घ्यायची. राग नाही, पण विचित्र वाटतं.

मागणं काही मोठं नाही. सगळ्यांना व्हिसा द्या असं म्हणत नाही, खोटे कागद करणारेपण आमच्याकडं आहेत, माझ्याकडंच येतेत, मी हाकलून देतो आणि ते पुढच्या गल्लीत जातेत. त्यांना नाकारा, काळ्या यादीत टाका. पण जिथं शंका आहे तिथं एक मेल, पंधरा दिवसांची मुदत. आणि नाहीच म्हणायचं असलं तर कोणत्या कागदामुळं, एवढं एका ओळीत. इंग्रजीत लिहा, तुमच्या भाषेत लिहा, भाषांतराचं आम्ही बघतो.

बापू परत चाकणला गेलाय, नाईट शिफ्ट आहे. यावेळी जॉईन व्हायच्या आधी कॉन्ट्रॅक्टरकडून त्यानं लेखी घेतलं की काम कुठल्या कंपनीत आहे. दुसऱ्या एका कंपनीशी बोलणं चालू आहे, एजंट नाही, थेट मेलवर, मेल मी टाईप करतो. नवी फाईल माझ्या टेबलावर आहे, स्टॅपलरच्या शेजारी. पहिल्या पानावर मी पासपोर्टपण लावला नाही आणि ऑफर लेटरपण नाही. एक साधा कागद लावलाय, धाराशिव म्हणजेच उस्मानाबाद, त्याला सरकारच्या नोटिफिकेशनची प्रत, हे कळंब यवतमाळचं नव्हे, तिन्ही नावं एकाच माणसाची त्याचं प्रतिज्ञापत्र, पीएफ पासबुक पान ४ ते ११, कंपनीला फोन लावला तर कॉन्ट्रॅक्टरलापण लावावा ही विनंती, नंबर खाली. १ जूनचं काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही. कोणाला सुचलं तर सांगा.

आपला,
बापूचा मामा
कळंब, जि. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद)